कॉलेजचे वर्ष आणि घरचे अंदाजपत्रक

बारावीचा निकाल लागला, की महाराष्ट्रातील लाखो घरांत एकाच प्रश्नाची चर्चा सुरू होते : प्रवेश कोठे मिळणार? सेतू केंद्रांसमोर रांगा लागतात, प्रवेशफेऱ्यांच्या याद्यांकडे डोळे लागून राहतात, ओळखीच्या प्राध्यापकांकडे खेपा होतात. यादीत नाव आले आणि पहिली फी भरली, की घरात पेढे येतात आणि पालक सुटकेचा निःश्वास सोडतात. वस्तुतः जबाबदारीचा आरंभ तेथून होतो. प्रवेश हा एका दिवसाचा व्यवहार आहे. शैक्षणिक वर्ष हा दहा महिन्यांचा प्रपंच आहे. त्या प्रपंचाची आखणी जून महिन्यात झाली नाही, तर तिची किंमत ऑक्टोबरात किंवा फेब्रुवारीत मोजावी लागते, आणि ती बहुधा विद्यार्थ्यालाच मोजावी लागते.

पहिल्या वर्षात मागे पडणारी सगळीच मुले बुद्धीने कमी असतात, असा एक सोयीस्कर समज आहे. महाविद्यालयात शिकवणाऱ्या कोणाही अनुभवी शिक्षकाला तो पटणार नाही. खाणावळीचे पैसे थकल्यामुळे गावी निघून गेलेला, दाखला वेळेवर न मिळाल्याने सवलत गमावलेला, रात्रीच्या नोकरीमुळे सकाळच्या तासांना येऊ न शकणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. त्याच्या गुणपत्रिकेवर केवळ ‘अनुत्तीर्ण’ एवढाच शेरा उमटतो. कारण उमटत नाही. तेव्हा मुलाच्या वा मुलीच्या येत्या वर्षाची तयारी म्हणजे नवे दप्तर आणि नवा मोबाइल नव्हे. ती पैसा, कागदपत्रे आणि वेळ या तिन्हींची एकत्रित आखणी आहे.

फी म्हणजे खर्च नव्हे

मध्यमवर्गीय घरात शिक्षणाचा खर्च म्हणजे फी, हे समीकरण अजून घट्ट आहे. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी सुरू झालेल्या ‘ईबीसी’ सवलतीने हजारो घरांतील पहिली पिढी पदवीधर केली, तेव्हा ते समीकरण बऱ्याच अंशी खरे होते. मुलगा जवळच्या तालुक्याच्या गावी शिकत असे आणि डबा घरून एस.टी.ने जात असे. आज व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी पुणे, मुंबई, नागपूर वा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. राहणे, जेवणे आणि प्रवास हा खर्च फीच्या बरोबरीने उभा राहतो, प्रसंगी तिला मागे टाकतो.

शासनाच्या योजना आहेत, आणि त्या लहान नाहीत. जुलै २०२४मध्ये राज्य शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शंभर टक्के शुल्कलाभ देण्याचा निर्णय घेतला. त्यापूर्वी तो पन्नास टक्के होता. निर्णय स्वागतार्हच आहे. तथापि त्याची मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. लाभ आहे तो शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क यांचा, आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला तो मिळत नाही. वसतिगृह, खाणावळ, पुस्तके, गणवेश, अनामत रक्कम हे सारे घरच्या खिशातूनच जाते. ‘मुलींचे शिक्षण मोफत झाले’ एवढेच वाक्य कानावर पडलेला बाप मुलीला शहरात सोडायला जातो, तेव्हा या उरलेल्या खर्चाने त्याची झोप उडते.

एक साधे उदाहरण कल्पावे. सांगली जिल्ह्यातील एका पतसंस्थेत कारकून असलेल्या गृहस्थाची मुलगी पुण्यात अभियांत्रिकीला गेली. खोलीचे भाडे साडेचार हजार, खाणावळ साडेतीन हजार, प्रवास, पुस्तके व किरकोळ खर्च दोन हजार असा हिशेब धरला, तरी महिन्याला दहा हजार आणि दहा महिन्यांना एक लाख रुपये होतात. यात फीचा एक रुपयाही नाही. शिवाय हा खर्च सारखा विभागून येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये अनामत, गादी, पुस्तके आणि प्रवेशाचे हप्ते एकदम अंगावर येतात. नेमके तेव्हाच शेतकरी घरात खते-बियाण्यांचे पैसे गेलेले असतात आणि पीक हाती यायला अवकाश असतो. शिष्यवृत्तीची रक्कम मात्र अर्ज, पडताळणी आणि मंजुरीच्या पायऱ्या उतरून कितीतरी उशिरा खात्यात पडते. म्हणजे अडचण केवळ पैसा कमी असण्याची नाही, तो वेळेवर नसण्याचीही आहे. व्यापारी ज्याला खेळते भांडवल म्हणतो, त्याचीच गरज विद्यार्थ्याच्या घराला असते.

म्हणून जूनमध्येच वहीच्या एका पानावर बारा महिने मांडून प्रत्येक महिन्याचे येणे आणि देणे लिहावे. शिष्यवृत्ती मार्चनंतरच येईल, असे धरून चालावे. आधी आली तर आनंदच. निदान तीन महिन्यांचा राहण्या-जेवण्याचा खर्च बाजूला असल्याखेरीज मोठी खरेदी करू नये. हे पान मुलाच्या वा मुलीच्या समोर बसून लिहावे, हे सर्वांत महत्त्वाचे. घरची ओढाताण मुलांपासून लपवणे हे प्रेमाचे लक्षण मानले जाते. परंतु ज्याला घरची मिळकत ठाऊक नाही, त्याच्याकडून काटकसरीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

दाखल्यांचा पावसाळा

पैशाइतकेच महत्त्व कागदाला आहे. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र, आधारशी जोडलेले बँक खाते यांपैकी एक जरी हुकले, तरी सवलतीचा दरवाजा बंद होऊ शकतो. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राला ३१ मार्चची मुदत असते. गेल्या वर्षीचा कागद या वर्षी चालेल, असे गृहीत धरून बसलेले पालक ऐन प्रवेशाच्या दिवशी तहसील कचेरीकडे धावतात. जून-जुलैत या कचेऱ्यांवर जो ताण येतो, तो पाहता हे काम निकालाची वाट न पाहता एप्रिल-मेमध्येच उरकणे शहाणपणाचे ठरते. महाडीबीटीवरील अर्ज भरल्यावर तो महाविद्यालयाच्या पातळीवर अडकलेला नाही ना, हे पाहण्याचे कामही विद्यार्थ्यानेच करावयाचे असते. अर्ज भरणे म्हणजे शिष्यवृत्ती मिळणे नव्हे.

अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा साठ टक्के हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. खात्यात आलेल्या या रकमेपैकी शुल्काचा भाग महाविद्यालयाला द्यावयाचा असतो, हे घरात ठाऊक नसेल, तर ती रक्कम दुसऱ्या नडीला खर्च होते आणि वर्षअखेरीस थकबाकीची नोटीस येते. स्वाधार, स्वयम्, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अशा योजना वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या वा घरापासून दूर राहणाऱ्यांसाठी आहेत. त्यांच्या अटी निरनिराळ्या असल्याने कोणती लागू होते, याची चौकशी प्रवेशाबरोबरच केली पाहिजे.

आणखी एका नियमाकडे पालकांचे दुर्लक्ष होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली काढलेल्या अधिसूचनेनुसार कोणत्याही संस्थेला विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत, आणि प्रवेशाच्या अंतिम तारखेपूर्वी किमान पंधरा दिवस प्रवेश रद्द केल्यास प्रक्रियेपोटीची अल्प कपात वगळून शुल्क परत करावे लागते. दुसरीकडे चांगली संधी मिळाली असताना ‘भरलेले पैसे बुडतील’ या भीतीने मुलाला नकोशा शाखेत अडकवून ठेवण्याचे कारण नाही.

कर्जाची वाढ

बचत आणि सवलत यांनी भागत नसेल, तर शैक्षणिक कर्जाचा विचार येतो. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारणाविना कर्ज, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत, अशी तरतूद आहे. कर्ज घेणे यात कमीपणा काही नाही. मात्र ‘नोकरी लागल्यावर फेडू’ या वाक्याआड व्याज वाढत असते. चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतरचे सवलतीचे एक वर्ष धरले, तर दहा टक्के सरळ व्याजाने पहिल्या वर्षी उचललेल्या एका लाखावर पहिला हप्ता सुरू होण्यापूर्वीच पन्नास हजार रुपये व्याज चढते. तेच व्याज दरमहा भरत गेल्यास लाखामागे सुमारे ८३३ रुपये पडतात. ज्या घराला हे झेपते, त्याने ते शिकत असतानाच भरावे. आणि गरजेपेक्षा अधिक रक्कम मंजूर झाली म्हणून ती उचलू नये.

वेळ हेही भांडवल

अर्थशास्त्रात पर्यायी खर्च नावाची एक संकल्पना आहे : एका कामाला दिलेला तास दुसऱ्या कामाला मिळत नाही. विद्यार्थ्याच्या वर्षाला ती तंतोतंत लागू पडते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून श्रेयांकांवर आधारित नवी रचना आली. एका सत्रात २० ते २२ श्रेयांक असतात. एका श्रेयांकाला पंधरा तासांचे अध्यापन धरले, तर पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला बावीस तास वर्गात जातात. राष्ट्रीय श्रेयांक आराखडा मात्र एका श्रेयांकामागे एकूण तीस तासांचे अध्ययन गृहीत धरतो. याचा अर्थ, वर्गातील प्रत्येक तासामागे वर्गाबाहेर एक तास. एकूण आठवड्याला चव्वेचाळीस तास! पूर्णवेळ कॉलेज ही कचेरीतील कारकुनाइतकीच नोकरी आहे, हे या आकड्यावरून स्पष्ट व्हावे.

आता त्यात रोजचा दोन-अडीच तासांचा लोकलचा वा एस.टी.चा प्रवास मिळवावा, आणि घरच्या मदतीसाठी पत्करलेले काम मिळवावे. कल्याणहून दक्षिण मुंबईत जाणाऱ्या मुलाने रोज पाच तास एखाद्या दुकानात उभे राहायचे ठरवले, तर बळी अभ्यासाच्या तासांचा जाणार की झोपेचा, एवढाच प्रश्न उरतो. नव्या रचनेत अंतर्गत मूल्यमापनाला बरेच गुण असल्यामुळे परीक्षेआधी महिनाभर रात्री जागवून वर्ष सावरण्याची जुनी युक्तीही आता पुरी पडत नाही.

काम करून शिकण्याची महाराष्ट्राची परंपरा थोर आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ साली साताऱ्यात सुरू केलेले छत्रपती शिवाजी कॉलेज ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर उभे राहिले. पण तेथे काम हे शिक्षणाच्या वेळापत्रकात बसवलेले होते. वसतिगृह, शेत आणि वर्ग एकाच आवारात होते. आज शहरातील विद्यार्थी जे काम करतो, त्याच्या मालकाला परीक्षेच्या तारखेशी कर्तव्य नसते. म्हणून काम करणे अपरिहार्य असेल, तर प्रथम महाविद्यालयातील वा विद्यापीठातील ‘कमवा आणि शिका’ योजनेत जागा आहे का, हे पाहावे. बाहेरचे काम घ्यावयाचेच तर शनिवार-रविवारचे घ्यावे आणि तासांची मर्यादा आधीच ठरवावी. दरमहा मिळणाऱ्या पाच-सहा हजारांपायी एक सत्र वाया गेले, तर पदवीनंतरच्या नोकरीचे सहा महिने बुडतात, हा हिशेब कागदावर मांडला की पुष्कळदा निर्णय बदलतो.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. विज्ञान, वाणिज्य वा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात त्यांची गाठ एकाच वेळी नव्या विषयाशी आणि इंग्रजीशी पडते. वर्ग सुरू होण्यापूर्वीच्या रिकाम्या दिवसांत एकाच विषयाचे एकच इंग्रजी पाठ्यपुस्तक कोशाच्या मदतीने पन्नास पाने वाचून काढले, तरी ऑगस्टमधील निम्मी धास्ती कमी होते. याला कोणत्याही शिकवणीची फी लागत नाही. पालक इंग्रजी जाणत नसले, तरी रोज तासभर शांत जागा देणे त्यांच्या हाती असते.

केवळ पालकांचे काम नव्हे

अर्थात ही सारी जबाबदारी घरावर ढकलून शासनाला आणि महाविद्यालयांना मोकळे सोडणे उचित होणार नाही. माहितीपुस्तिकेत फीबरोबरच वर्षभराचा संभाव्य एकूण खर्च छापणे, सत्र व परीक्षांच्या तारखा वर्षारंभी जाहीर करून त्या पाळणे, शिष्यवृत्तीचे अर्ज ठरावीक दिवसांत पुढे पाठवणे, ही कामे संस्थांना अवघड नाहीत. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात वसतिगृहांची उभारणी आरंभिली, तेव्हा त्यांनी ओळखले होते, की खेड्यातून आलेल्या मुलाला शाळेच्या दाराइतकीच राहण्या-जेवण्याची सोय आवश्यक असते. फी माफ करणारे शासन हा धडा अर्धाच शिकले आहे. शिष्यवृत्ती वर्षाच्या शेवटी देणे म्हणजे तहान भागल्यावर, किंवा तहानलेला निघून गेल्यावर, विहीर खणणे होय.

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ असे म्हणणाऱ्या समाजाने त्या म्हणीत मुलांच्या उच्च शिक्षणाची भर आता घालावयास हरकत नाही. पण घर बांधताना जो गृहस्थ विटांचा आणि सिमेंटचा हिशेब ठेवतो, लग्नात जो पंगतींची मोजदाद करतो, तोच मुलाच्या शिक्षणाच्या बाबतीत सारे काही नशिबावर सोपवतो, हे विचित्र आहे. वर्गात मागच्या बाकावर रिकामी झालेली जागा बहुतेक वेळा एखाद्या दाखल्याची, दोन महिन्यांच्या खाणावळीची किंवा आठवड्यातील दहा तासांची गोष्ट असते. ती जूनमध्ये वहीच्या एका पानावर दिसू शकते, आणि तेव्हाच दिसली तर सावरताही येते.