झोप होऊनही थकवा जात नाही?

अंबडहून एका भगिनीचे पत्र आले आहे. यजमान औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात, पाळीची नोकरी. पहिली पाळी असली की पहाटे डबा, रात्रपाळी असली की दिवसा मुलांना गप्प बसवायचे. त्या लिहितात, ''पावसाळ्यात ताप आला. आठवड्यात उतरला, पण अंगातलं बळ घेऊनच गेला. त्याला आता आठ महिने झाले. एक दिवस चादरी धुतल्या की पुढचे दोन दिवस उठवत नाही. सासूबाई म्हणतात, आळस चढलाय. खरंच तसं असेल का हो?''

नाही बाई, हा आळस नव्हे. आळशी माणसाला काम करावेसेच वाटत नाही. तुम्हांला ते करायचे आहे, पण शरीर साथ देत नाही.

अशा थकव्याची नेहमीची कारणे आधी तपासावीत. त्यांत पहिले रक्त कमी असणे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली नसावे. त्याबरोबर थायरॉईड, साखर आणि बी-१२ यांचीही तपासणी करून घ्या. पाळीत अंगावरून फार जाते का, संध्याकाळी कणकण येते का, खोकला आहे का, वजन उतरते आहे का, मन सतत उदास असते का, हे डॉक्टरांना न लाजता सांगा. शेजारणीला लागू पडले म्हणून टॉनिकची बाटली आणू नका.

या सगळ्यातून काही निघाले नाही, तर आणखी एक आजार ध्यानात घ्यावा. त्याला 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' म्हणतात. तो पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो, आणि बरेचदा एखाद्या तापानंतर सुरू होतो. कोविडनंतरही कित्येकांना असा त्रास झाला. त्याची खूण पटवणारी एकच अशी रक्ततपासणी नाही. लक्षणांवरूनच तो ओळखावा लागतो. २०१५ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी ही लक्षणे ठरवून दिली :

१. सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा, आणि त्यामुळे पूर्वीची कामे न झेपणे.

२. थोड्याशा श्रमानेही त्रास वाढणे. तो पुष्कळदा लगेच नव्हे, तर दुसऱ्या दिवशी वाढतो. ही मुख्य खूण.

३. रात्रभर झोपूनही सकाळी ताजेतवाने न वाटणे.

४. यांच्या जोडीला विसराळूपणा, गोंधळल्यासारखे होणे. किंवा उभे राहिले की गरगरणे, आडवे झाल्यावर बरे वाटणे.

यासाठी एक साधी वही घाला. रोज काय काम केले, झोप कशी झाली, दुसऱ्या दिवशी कसे वाटले, एवढेच दोन ओळींत लिहायचे. दोन-तीन आठवड्यांची वही डॉक्टरांपुढे ठेवलीत, तर तोंडी सांगण्याहून ती अधिक उपयोगी पडेल.

''पहाटे उठून भराभर चाल, म्हणजे अंग मोकळं होईल,'' असे घरोघरी सांगतात. या आजारात मात्र ते बाधते. ब्रिटनच्या आरोग्यसंस्थेनेही २०२१ साली ठरीव मापाने व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला मागे घेतला. दमण्याआधी थांबायचे, हा इथला नियम. पोळ्या बसून लाटा. धुणे एका दिवसात न उरकता दोन-तीन दिवसांत वाटून घ्या. आणि एखादा दिवस बरा गेला, म्हणून लगेच माळ्यावरचे डबे काढायला जाऊ नका! तेच दोन दिवस महागात पडतात.

हमखास बरे करणारे औषध आज नाही, पण झोप, दुखणे, गरगरणे यांवर डॉक्टर उपाय करू शकतात. छातीत दुखणे, धाप लागणे किंवा शुद्ध हरपणे असे काही झाले, तर मात्र वही-बिही बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

डॉक्टरांकडे जाताना यजमानांना किंवा सासूबाईंना बरोबर न्या. डॉक्टरांच्या तोंडून एकदा ऐकले, की घरातली कामे वाटून घेणे सोपे जाते.