लंडनला जाणारा डबा

मुलगी किंवा सून लंडनला असली, की इकडून कुणी निघालं रे निघालं, आपण डबे भरायला घेतो. सुकं मटण, कंदी पेढे, घरचं तूप! मग तिकडून फोन येतो, "आई, विमानतळावर सगळं काढून घेतलं गं!" आपण त्या अधिकाऱ्याच्या नावानं बोटं मोडतो. पण मैत्रिणींनो, त्याचीही बाजू आहे.

लाळ्या-खुरकूत म्हणजे काय, ते खेड्यात माहेर असलेल्यांना सांगायला नको. तोंडातून लाळ गळते, जिभेवर आणि खुरांच्या बेचक्यात फोड येतात, गाय लंगडते, दूध आटतं. आपल्याकडे हा रोग आहे. २०१९ पासून त्यासाठी देशभर लसीकरणाची सरकारी मोहीम सुरू आहे. ब्रिटनने तो पार घालवला आहे आणि परत नको म्हणून त्यांची ही धडपड. माणसाला त्याचा त्रास सहसा होत नाही. पण गारठवलेल्या मांसात, हाडांच्या मगजात, दुधात त्याचे विषाणू टिकून राहतात.

२००१ साली तिथे एका शेतावर डुकरांना नीट न उकळलेलं खरकटं घातलं गेलं. त्यात चोरून आणलेलं परदेशी मांस असावं, असं सरकारी तपासात मानलं गेलं. एसेक्समधल्या कत्तलखान्यात पशुवैद्याला रोगाची लक्षणं दिसली, तोवर तो बऱ्याच ठिकाणी पोचला होता. साठ लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली, आणि त्यांत धडधाकटही पुष्कळ होती. सार्वत्रिक निवडणूकसुद्धा महिनाभर पुढे ढकलली गेली!

"मग डबा उघडून तपासा की!" असं तुम्ही म्हणाल. पण शिजवायला आणलेल्या मांसाकडे बघून किंवा ते हुंगून हा रोग ओळखता येत नाही. खरी तपासणी जनावर जिवंत असतानाच होते, तोंड आणि पाय बघून. मग कापल्यावर पुन्हा एकदा. त्यावर सरकारी पशुवैद्य दाखला देतो. व्यापारी माल बंदरावर आला, की आधी हा दाखला, मग शिक्के आणि मग प्रत्यक्ष माल पाहतात. आपल्या देशातून म्हशीचं मांस बाहेर जातं, तेही हाडं आणि रसग्रंथी काढूनच. कारण विषाणू दडून बसतो तो तिथेच. आता आपल्या स्टीलच्या डब्याला असा दाखला कोण देणार? तुमचं स्वयंपाकघर कितीही लखलखीत असो.

पेढे आणि तूप दुधाचे, म्हणून तेही बाद. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट खुशाल द्या. सुके बोंबीलही चालतात, माणशी वीस किलोपर्यंत. फक्त ते जावयाच्या शर्टांपासून लांब, दुसऱ्या बॅगेत भरा.