सांधा उघडा, वरून लिंपू नका

पिंपळगाव बसवंतच्या निवृत्त मास्तराने होडीवर लिहावे, याचे काहींना हसू येईल. इथे टोमॅटोचे क्रेट आणि कांद्याचे ट्रॅक्टर, समुद्र कुठला! पण मालवणला माझ्या भाच्याची फायबरची होडी आहे, तिच्यात रोज पर्यटक बसतात, आणि गेली दोन वर्षे त्या होडीच्या एका सांध्यावरून मामा-भाच्याचे फोनवर भांडण चालू आहे. तो हा ब्लॉग वाचतो, म्हणून इथेच लिहितो.

फायबरची होडी म्हणजे एकसंध भांडे, असा बऱ्याच जणांचा समज आहे. डेक असलेली होडी तशी नसते. खालचे अंग एका साच्यात घडते, वरचे डेक दुसऱ्या. मग डब्यावर झाकण बसवावे तसे डेक बसवतात, मध्ये सीलंट भरतात, बोल्ट आवळतात आणि बाहेरून रबराची पट्टी मारतात. म्हणजे सगळी मदार ज्या रेघेवर, तीच डोळ्याआड! होडी धक्क्याला आपटते, लाटेत तिचे अंग पिळवटते, सीलंट म्हातारे होऊन सुटते, बोल्टची भोके रुंदावतात.

भाच्याच्या मिस्त्रींनी काय केले? पट्टीच्या कडेने सिलिकॉनची नळी फिरवली, बोटाने सारखे केले आणि पैसे घेऊन गेले. पुढच्या हंगामात बाकाखाली पाणी. मग तिथे आणखी सिलिकॉन. अहो, पाणी जिथे दिसते तिथूनच आत आलेले असते असे नाही. ते आतल्या कडेने वाहत जाऊन भलतीकडेच उतरते. शिवाय सिलिकॉनचा ओशटपणा मागे राहतो, आणि त्यावर पुढे ना रंग धरत, ना इपॉक्सी. म्हणजे आजची चालढकल उद्याची खरी दुरुस्तीही नासवते.

"पूर्वीचे लोक वरूनच बुजवायचे" असे मला ऐकवले जाते. साफ खोटे. लाकडी होडीच्या फटीत कापूस ठोकून खोल भरत. आणि लाकूड पाण्यात फुगते, बारीक फट आपोआप मिटते. फायबर फुगत नाही. मुंबईत बांधलेल्या सागवानी 'सुहेली'तून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1968-69 मध्ये न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेत तळाच्या सांध्यातून पाणी येऊ लागले, तेव्हा हा गृहस्थ भर समुद्रात पाण्याखाली उतरला, फटीत कापूस भरला आणि वर तांब्याची पट्टी ठोकली. आमच्या मिस्त्रींना किनाऱ्यावर चार बोल्ट सोडवण्याचा कंटाळा!

करायचे ते असे. आधी सांध्याच्या आतल्या बाजूला खडूची भुकटी लावा आणि बाहेरून, खालून वर, थोडे थोडे पाणी मारा. जिथे भुकटी ओली, तिथे वाट. (खडूचा हा उपयोग चाळीस वर्षे फळ्यापुढे उभे राहून मला कळला नव्हता.) मग पट्टी काढा, बोल्ट काढा, जुने सीलंट खरवडा, ॲसिटोनने पुसा, पूर्ण वाळू द्या. रुंदावलेली भोके इपॉक्सीने भरून नव्याने पाडा. पॉलियुरेथेन सीलंट सढळ भरा, बोल्टखाली मोठे वॉशर घाला. आवळताना मात्र पैलवानकी नको, नाहीतर सगळे सीलंट बाहेर येते आणि आत कोरडी फट उरते. सांधा फारच हलत असेल, तर आतून जुना रंग घासून फायबरच्या कापडाचे थर इपॉक्सीत बसवावेत. घासताना तोंडाला मास्क हवाच, ती धूळ वाईट.

हे काम आपल्याकडे होत नाही, असे कोणी म्हणू नये. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात 'म्हादेई' बांधली गेली, लाकडी गाभ्यावर फायबरग्लास चढवून. दिलीप दोंदे 2009-10 मध्ये आणि अभिलाष टॉमी 2012-13 मध्ये तिच्यातून एकट्याने जगाला वळसा घालून आले. हात आपल्याकडे आहेत, पण ज्याला घाई असते तो स्वस्तातला माणूस बोलावतो.

"हंगाम बुडतो मामा" हे त्याचे ठेवणीतले उत्तर. अरे, जून ते ऑगस्ट होडी किनाऱ्यावर ताडपत्रीखाली उभी असते, तेव्हा कोणता हंगाम बुडतो? यंदा पट्टी काढलीस की फोटो पाठव. नुसता पट्टीचा नको, आतल्या बोल्टचा.