विश्वनागरिकांच्या फाटकावर

विश्वनागरिक! काय शब्द आहे बघा. तोंड भरून जातं. १९६८ साली जिनिव्हात इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही संस्था निघाली. आज जगभर तिच्या मान्यतेच्या शाळा चालतात, मुंबई-पुण्यातही. जाहीर हेतू असा की पोरं जिज्ञासू, जाणती, कनवाळू व्हावीत, एकमेकांच्या संस्कृती समजून घेऊन त्यांनी जगात शांतता आणावी. वाचून मला हसू नाही आलं, राग आला. कारण शब्द खोटे नाहीत. शब्द खरे आहेत, आन् विकायला काढलेत.

दोस्तहो, एक ध्यानात घ्या. यांचा अभ्यास सोपा नाही. शेवटच्या दोन वर्षांचा डिप्लोमा ४५ गुणांचा. सहा विषय, प्रत्येकी ७ गुण. उरलेले ३ गुण ४००० शब्दांपर्यंतच्या निबंधाला आणि 'हे ज्ञान खरं कशावरून' या विषयाला. तिथं नुसती घोकंपट्टी चालत नाही, पोरानं मास्तरला सवाल करायचा असतो. मी दहावी पास, गोदीत माल चढवणारा. आमच्या वर्गात असा सवाल केला की छडी बसायची. तेव्हा कठीण शिक्षण आमच्या पोरांना झेपायचं नाही, असलं कुणी सांगू नका. कठीण शिक्षण आम्हाला पाहिजेच आहे. ते पैसेवाल्यांच्या कुंपणात कोंडलंय, भांडण त्याचं आहे. वर्षाची फी लाखांत. मग गुणवत्ता कुणाची मोजता? पोराची का बापाच्या खिशाची?

आदर्श विद्यार्थ्याची दहा लक्षणं त्यांनी लिहून ठेवलीत. त्यातलं एक : धोका पत्करणारा. अरे, क्रेनच्या हुकाखाली उभं राहणाऱ्याला विचारा धोका काय असतो! दुसरं : मोकळ्या मनाचा. मन मोकळं आन् फाटक बंद!

आणि ती समाजसेवा! डिप्लोमाला सेवेचा उपक्रम सक्तीचा, तो केल्याशिवाय डिप्लोमा हातात पडत नाही. असल्याच एका शाळेची पोरं आमच्या वस्तीत आली. भिंत रंगवली, फोटो काढले, सोबत आणलेल्या बाटल्यांतलं पाणी प्याली, गेली. पोरं वाईट नव्हती. पण आमची गरिबी त्यांच्या वहीत चढली, आमची पोरं त्यांच्या बाकावर बसली नाहीत. दूरदेशीच्या संस्कृती समजून घेणाऱ्यांना भिंतीपलीकडची जात कुणी शिकवायची?

आता कायद्याचं बघा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं विनाअनुदानित खासगी शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित-दुर्बलांना दिल्या. तो हक्क आठवीला संपतो. डिप्लोमा अकरावी-बारावीचा. म्हणजे शिडी अर्ध्यावर कापलेली. उरलेली अर्धीही राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये ओढून घेतली : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली की खासगी शाळेला सूट. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो नियम रद्द केला. आम्ही कोर्टामुळं वाचलो, सरकारच्या दयेनं नाही.

आंतरराष्ट्रीय शिक्षणाचं आम्हाला अप्रूप नाही. बाबासाहेब १९१३ मध्येच बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. परत येऊन विद्येला कुंपण नाही घातलं. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं. मिळवलं ते वाटलं. याला म्हणतात विश्वनागरिक!

तेव्हा शिष्यवृत्तीच्या दोन-चार खुर्च्या टाकून आमची बोळवण करू नका. अल्पसंख्याक संस्था सोडून बाकी खासगी शाळांतही राखीव जागांचा कायदा करायची मुभा घटनेच्या कलम १५(५) नं दिलीय. ९३ व्या दुरुस्तीनं ते कलम आलं, त्याला वीस वर्षं होत आली. रस्ता तयार आहे, सरकारचे पाय उचलत नाहीत. बारावीपर्यंत आमचा वाटा टाका. आणि महापालिकेच्या प्रत्येक शाळेत तोच कठीण अभ्यास, त्याच तोडीचे मास्तर आणा.

'हे खरं कशावरून' हा सवाल आमच्या पोरांनाही शिकवा. पहिल्यांदा ती तो तुमच्या फीच्या पावतीला विचारतील!