दोनशे चौतीस पायजमे

माणसाला खोटं बोलायला शिकवणाऱ्या जागा जगात पुष्कळ आहेत. कोर्ट आहे, वधुवर सूचक मंडळ आहे, मेडिकल रजेचा अर्ज आहे. परंतु खोटं बोलायला लावून वर त्यालाच 'मनमोकळं लिहा' म्हणणारी जागा मला एकच ठाऊक आहे. परदेशी विद्यापीठात एम.एस.ला अर्ज करताना जोडावं लागणारं 'स्टेटमेंट ऑफ पर्पज'! आमच्या सोसायटीतली पोरं त्याला 'एसओपी' म्हणतात. मराठीत 'हेतुनिवेदन' म्हणता येईल, पण हा शब्द ऐकला तर पोरगं व्हिसाची वाट न बघता पळत सुटेल.

या निवेदनात हजारेक शब्दांत सांगायचं, की तुम्ही कोण, हाच विषय का, आमचंच विद्यापीठ का आणि शिकून झाल्यावर जगाचं काय भलं करणार. अमेरिकेतल्या बर्कलेच्या विद्यापीठाचं एवढ्यानंही भागत नाही. ते हेतू वेगळा मागतात आणि वैयक्तिक इतिहास वेगळा. आता बावीस वर्षांच्या पोराला इतिहास तो कसला असणार? बालवाडी, दहावी, बारावी आणि मधे क्लास, क्लास, क्लास.

खरी उत्तरं प्रत्येकाकडे असतात, नाही असं नाही. 'सगळे मित्र चाललेत.' 'इथे पगार बरा नाही.' 'बाबा फ्लॅट गहाण ठेवायला तयार झालेत, ते विचार बदलायच्या आत निघतो.' यात लाज वाटण्याजोगं काय आहे? पोट भरायला माणसं रत्नागिरीहून मुंबईला आली, तेव्हा गिरणीच्या दारात कुणी त्यांना 'तुम्हाला सुताचं आकर्षण लहानपणी नेमकं केव्हा जडलं' असं विचारलं नाही. इथे विचारतात. मग पोरं मुकाट्यानं बालपणात शिरतात आणि हाताला लागेल ते घेऊन बाहेर येतात.

काय घेऊन येतात, त्याची एकदा मोजदाद झालेली आहे. ब्रिटनमध्ये विद्यापीठांचे प्रवेश-अर्ज 'यूकास' नावाच्या संस्थेमार्फत जातात. २००७ साली तिनं पन्नास हजार निवेदनं तपासली. त्यातल्या शंभरात पाचांत उसना मजकूर निघाला. दोनशे चौतीस अर्जदारांनी वयाच्या आठव्या वर्षी स्वतःच्या पायजम्याला जाळून भोक पाडलं होतं! एकशे पंचाहत्तर जणांचे आजोबा म्हातारे किंवा आजारी होते. आणि हे नुसते पदवीचे अर्ज, पदव्युत्तर मंडळी तर आणखी चार बुकं शिकलेली.

मला या पोरांचा राग येत नाही. ज्याच्या आयुष्यात काही जळलेलंच नाही, त्यानं पायजमा उसना आणायचा नाही तर करायचं काय? आमच्याकडे तेही कठीण. पायजमा जळला असता तर आईनं आधी पाठ शेकून काढली असती, मग त्याच पायजम्याची फडकी केली असती, आणि रसायनशास्त्राची आवड जागच्या जागी विझली असती.

आमच्या कोपऱ्यावर पूर्वी पिठाची गिरणी होती. तिथे आता परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांचं काचेचं ऑफिस आहे. धंदा मात्र मला तोच वाटतो. आपलं आयुष्य डब्यात भरून न्यायचं, जाडं की बारीक ते सांगायचं, आणि संध्याकाळी परत आणायचं. आधीच्या गिऱ्हाइकाचं थोडं पीठ त्यात मिसळलेलं असतं, एवढंच. हल्ली कोणी कोणी हे दळण घरच्या घरीच, चॅटजीपीटीवर दळतात.

माझी पुतणी सिव्हिल इंजिनिअर. दोन वर्षं एका बांधकामावर उन्हात उभी राहिली. तिलाही पुढे शिकायचंय. काका चार ओळी खरडतात म्हणून कच्चा मसुदा घेऊन माझ्याकडे आली. त्यात तिनं लिहिलं होतं : काँक्रीट ओतलं की त्याच मालाचे ठोकळे भरून ठेवतात आणि अठ्ठावीस दिवसांनी यंत्राखाली फोडून ताकद बघतात. आमच्या साइटवर ठोकळे फुटायच्या आधीच रिपोर्ट तयार असायचा. उभ्या इमारतीला न फोडता तिच्या पोटातलं कसं ओळखायचं, ते मला शिकायचं आहे.

मी वाचून गप्प बसलो. शिकायला याहून चांगलं कारण कुठलं असतं, ते मला कुणीतरी सांगावं.

सल्लागारांनी ते वाक्य पहिल्या झटक्यात उडवलं. म्हणाले, "निगेटिव्ह आहे. कमिटीला पॉझिटिव्ह लागतं." त्या जागी आता लहानपणी आजोबांचं बोट धरून पाहिलेला एक पूल आला आहे. आमच्या वडिलांनी नातीला बोट धरून नेलं ते फक्त भाजी मंडईत. वाटेत पूल नाही.

"काका, मंडई लिहू का?" तिनं विचारलं.

नुसत्या मार्कांवर माणूस ओळखू नये, हे मलाही मान्य आहे. संशोधन करायला निघालेल्याला 'कुठला प्रश्न डोक्यात घेऊन येताय' असं जरूर विचारावं. १८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातल्या बायकांसाठी मला डॉक्टर व्हायचंय, हा त्यातला मुद्दा. स्वकीयांचा विरोध पत्करून आले, हेही सांगितलं. प्रवेश मिळाला, १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. त्या पत्रावर आजच्या सल्लागारानं काय शेरा मारला असता? मरण, विरोध : फारच निगेटिव्ह!

मार्क बाजूला ठेवून 'तुमच्याविषयी सांगा' म्हणणं दर वेळी सोज्वळच असतं, असंही समजू नका. १९२० च्या सुमारास अमेरिकेतल्या बड्या कॉलेजांत ज्यू मुलं हुशारीवर भराभर घुसायला लागली, तेव्हा तिथल्या थोरांना एकाएकी 'चारित्र्य' आठवलं. हार्वर्डच्या अर्जात १९२२ पासून, तुमचं किंवा वडिलांचं नाव जन्मानंतर बदललंय का, असा प्रश्न आला. जेरोम काराबेल यांनी २००५ साली यावर एक जाडजूड ग्रंथच लिहिला. मार्कांनी अडत नाही, त्याला गोष्टीनं अडवता येतं. आज अडतो कोण? ज्याला घरात इंग्रजी नाही, ज्याला सल्लागार परवडत नाही आणि ज्याला आपलं दुःख विकायला काढायची सवय नाही, तो. उस्मानाबादच्या पोराला (गावाचं नाव आता धाराशिव, पण पोराची परिस्थिती तीच) सांगण्यासारखं खरं पुष्कळ असतं. पण ते परक्यापुढे बोलायचं नसतं, असं त्याला घरीच शिकवलेलं असतं.

मी म्हणतो, प्रश्न दोन्हीकडून व्हावेत. वर्षाला कित्येक लाख रुपये फी घेणाऱ्यांनीही हजार शब्दांत लिहून द्यावं : आम्हाला हाच विद्यार्थी का हवा, याच्याच बापाचा फ्लॅट का. आणि त्यांनीही आपल्या बालपणापासून सुरुवात करावी.

पुतणीनं सहा ठिकाणी अर्ज केलेत. पाचांत पूल आहे. सहाव्यात तिनं ठोकळे परत घातलेत, अगदी अठ्ठावीस दिवसांसकट. सल्लागारांना अजून सांगितलेलं नाही. शिफारसपत्रं त्यांच्याकडेच अडकली आहेत, आणि दुसरा हप्ता द्यायचा राहिलाय.