जुन्या मोटारीचा न्याय

'जुने ते सोने' असे आपण सहज बोलून जातो. परंतु दारातली मोटार जुनी झाली, की तिला भंगारात घालण्यास क्षणाचाही विलंब लावीत नाही. एखादी वस्तू केवळ जुनी आहे, एवढ्याच कारणाने ती टाकून द्यावी काय, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

मुंबईच्या काळ्यापिवळ्या 'पद्मिनी' टॅक्सीचे उदाहरण घ्या. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली 'प्रीमियर ऑटोमोबाईल्स' ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी 'फियाट ११००' ही मोटार पुढे 'पद्मिनी' या नावाने देशभर ओळखली गेली. चालू शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. कारखाना थांबला, की सुट्या भागांचा झराही आटतो. तरीही पद्मिनी धावत राहिली, ती मिस्त्रींच्या हुन्नरामुळे. एखादा भाग चोरबाजारात धुंडाळावा, एखादा मोडीत निघालेल्या गाडीतून काढून घ्यावा आणि तोही न मिळाल्यास लेथवर घडवावा, असा त्यांचा परिपाठ होता. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सीची सेवा संपली.

हा नियम अन्यायाचा होता, असे मात्र म्हणता येत नाही. टॅक्सी दिवसभर धावते आणि तिचा धूर साऱ्या शहराच्या श्वासात मिसळतो. जुन्या यंत्रावरील प्रेमापेक्षा लोकांचे आरोग्य निश्चितच श्रेष्ठ होय.

परंतु आठवड्यातून एखाद्या वेळी बाहेर पडणाऱ्या खाजगी मोटारीला तोच न्याय लावावा काय? आपल्या कायद्याप्रमाणे अशा मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. नंतर तपासणीत ती योग्य ठरल्यास दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून मिळते. ही रीत मला शहाणपणाची वाटते, कारण ती वाहनाचे वय न मोजता त्याची प्रकृती पाहते. मात्र ती तपासणी कसोशीने व्हावयास हवी. ब्रेक ढिले असतील किंवा धूर मर्यादेबाहेर असेल, तर त्या गाडीची गय करता कामा नये.

मालकापुढील अडचणीही थोड्या नाहीत. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्या मिश्रणासाठी बनविलेल्या नसतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरील मोटारींना ऐतिहासिक वारसा म्हणून मान दिला. परंतु नित्याच्या वापरासाठी त्या रस्त्यावर आणता येत नाहीत. मग पंधरा ते पन्नास या वयांतील सुस्थितीतल्या मोटारीने तग धरावा कसा? माझ्या मते, उत्पादन थांबले तरी त्या त्या कारखान्याने सुटे भाग किंवा निदान त्यांचे आराखडे दीर्घकाळ उपलब्ध ठेवावेत. असे झाले, तर मिस्त्रींची विद्या वाया जाणार नाही.

मोटार घडविण्यासाठी लोखंड, कोळसा, पाणी आणि असंख्य हातांचे श्रम खर्ची पडतात. मुलांनो, तुमच्या सायकलीची साखळी सैल झाली, तर नवी सायकल मागण्यापूर्वी ती साखळी दुरुस्त करून पाहा. जे दुरुस्त होऊ शकते, ते टाकून देणे म्हणजे त्या श्रमांचा अनादर करणे होय. आणि जे इतरांना अपाय करते, ते मोहापोटी जवळ बाळगणे हाही अविवेकच होय.