अ‍ॅपवरील डिलिव्हरी कामगारांना माथाडी मंडळाच्या धर्तीवर मंडळ मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

आम्ही पुणे व पिंपरी-चिंचवड भागात अ‍ॅपवरच्या ऑर्डरी घरपोच देणारे रायडर आहोत. आमच्यात बी.कॉम. झालेले आहेत, आयटीआयवाले आहेत, स्पर्धा परीक्षेची पुस्तके बांधून ठेवून गाडीवर बसलेलेही आहेत. गाडी आमची, हप्ता आमचा, पेट्रोल आमचे. दर मात्र कंपनीचा, आणि तो न सांगता बदलतो.

हॉटेलच्या दारात ऑर्डरची वाट पाहण्याचे पैसे मिळत नाहीत. इन्सेंटिव्हला एक ऑर्डर कमी असताना रात्री ऑर्डरी येणेच थांबते. हा योगायोग की हिशेब, हे विचारायला समोर माणूस नसतो. ग्राहकाने तक्रार केली की आयडी ब्लॉक. काही सोसायट्यांत रहिवाशांच्या लिफ्टने जायला मनाई आहे. सामानाच्या लिफ्टची वाट पाहण्यात उशीर होतो आणि रेटिंग आमचे घसरते. दार उघडणारा आणि पार्सल देणारा एकाच विद्यापीठाचे पदवीधर असू शकतात. एकाचा भविष्य निर्वाह निधी दरमहा कापला जातो, दुसऱ्याला पगारपत्रकच नाही.

आम्हाला ठरलेला मालक नाही, मग कायदा लावायचा कुणाला, असे सांगितले जाते. हमालांनाही एकेकाळी हेच ऐकवले जाई. मुंबईत अण्णासाहेब पाटील, पुण्यात बाबा आढाव त्यांच्यासाठी लढले. 1969 साली याच राज्याने माथाडी कायदा केला. व्यापाऱ्याने मजुरी व तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळाने त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधोपचार पाहायचे, अशी सोय झाली. पाठीवर पोते असो की बॅग, प्रश्न तोच आहे.

केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम आमच्यासारख्यांच्या निधीत भरावी, अशी तरतूद तीत आहे. तिचे स्वागतच आहे. पण आयडी का बंद झाला, याचे उत्तर त्या निधीतून मिळत नाही. राजस्थानने 2023 मध्ये, कर्नाटकाने 2025 मध्ये स्वतःचे कायदे केले. कर्नाटकात काम बंद करण्याआधी लेखी कारण व 14 दिवसांची नोटीस द्यावी लागते.

सबब आमची मागणी आहे की, महाराष्ट्रानेही असा कायदा करून रायडरांचे त्रिपक्षीय मंडळ नेमावे आणि प्रत्येक ऑर्डरमागे कंपनीकडून लेव्ही घ्यावी. ती आमच्या कमाईतून कापू नये, हे कायद्यातच लिहावे. आयडी बंद करण्यापूर्वी आमचे म्हणणे ऐकावे. दर व इन्सेंटिव्ह कसे ठरतात ते मराठीत जाहीर करावे. वाट पाहण्याचा वेळ कामाचा धरावा. लिफ्टबाबत सहकार विभागाने सोसायट्यांना परिपत्रक काढावे.

मसुदा ठरण्यापूर्वी रायडरांच्या प्रतिनिधींना चर्चेस बोलवावे. बैठक शक्यतो दुपारी तीन ते सहाच्या दरम्यान ठेवावी; जेवणाच्या वेळी लॉग-आउट केले तर त्या दिवसाचा इन्सेंटिव्ह जातो.

आपले विश्वासू,
अ‍ॅपवरील डिलिव्हरी रायडर,
पुणे व पिंपरी-चिंचवड
(सोबत : सह्यांची यादी)